भुट्ट्याचा वास आला तर ग्लास परत द्या: इंदूरच्या पबांत नव्याने जाणाऱ्यांसाठी

बडोद्याहून माझी भाची इंदूरला नोकरीला आली तेव्हा तिच्या आईने, म्हणजे माझ्या वहिनीने, फोनवर दोनच सूचना दिल्या. एक, सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, रोज खाऊ देऊ नका. दोन, "ते तुमच्याकडचं बिअर-बिअर" जरा जपून. वहिनीचंही बरोबर आहे. गुजरात 1960 साली वेगळा झाला तेव्हापासून तिथे दारूबंदी. पब ही पुण्याला गेल्यावर बघायची गोष्ट. इथे भाचीच्या विजयनगरच्या ऑफिसातून खाली उतरलं की चालत जायच्या अंतरावर दोन-तीन पब. पहिल्याच आठवड्यात ती टीमबरोबर जाऊन आली आणि चपला काढता काढता मला म्हणाली, "आत्या, त्यांनी क्राफ्ट बिअर म्हणून दिली, पण वास थेट भुट्ट्याच्या किसासारखा. तसाच असतो का गं?"

भुट्ट्याचा कीस म्हणजे मक्याचं कणीस किसून केलेला इंदुरी पदार्थ; बिअरचा वास तसा नसतो. कुणीतरी उकळताना आळस केला होता. ते का, हे पुढे सांगते. पण मला तिचं नाक आवडलं. इंदूरात राहायला लागलं की खाण्याची पारख आपोआप येते. पोह्याच्या ठेल्यावर आपण पाटी वाचत नाही. वाफेवरची परात किती वेळा रिकामी होते ते बघतो, शेव कुरकुरीत आहे का बघतो, वरचा जीरावण मसाला ओला झाला असेल तर पुढच्या ठेल्यावर जातो. बिअरला हीच नजर लावायची. ताजी बिअर हे दुधासारखं नाशवंत अन्न आहे, एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

निघण्याआधी

वय 21 पूर्ण हवं, मध्य प्रदेशात हा नियम आहे. ओळखपत्र जवळ ठेवा. चोवीस वर्षांच्या भाचीला दारात थांबवून आधार मागितलं आणि सोबतच्या आत्याला कुणी काहीच विचारलं नाही, याचं दुःख मी अजून बाळगून आहे.

26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे कोरडे दिवस, म्हणजे दारूविक्री बंद. मतदान संपण्याआधीचे 48 तासही कोरडेच. रंगपंचमीच्या गेरला आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे मिरवणुकींना, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, त्या दिवशी शहर ओलांडून जायचा बेत आखू नका. पाहुण्यांना उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर दाखवणार असाल तर तिकडे बिअर विसरा. 1 एप्रिल 2025 पासून राज्यातल्या 19 धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद आहे.

जुनी मंडळी अजून सांगतात, "अरे, अहात्यात बसू की." दारूच्या दुकानाला चिकटलेले ते अहाते 1 एप्रिल 2023 पासून बंद झाले. त्यामुळे आता एक तर परवाना असलेला बार, नाही तर घर. बाटली घेऊन गाडीत बसणाऱ्या मित्रांच्या नादी लागू नका. 2025 पासून धोरणात कमी अल्कोहोलच्या बारचा एक नवा प्रकारही आला आहे. तिथे बिअर, वाइन आणि 10 टक्क्यांपर्यंतची तयार पेयं मिळतात, व्हिस्की-रम नाही. ज्यांना फक्त बिअरच प्यायची आहे त्यांना हे बरंच.

आणि गाडी घरी ठेवा. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा. पहिल्यांदा सापडलात तर 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता हिशेब करा. 5 टक्क्यांच्या बिअरच्या अर्ध्या लिटर ग्लासात साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीराने बारीक माणूस तेवढ्यात मर्यादा ओलांडू शकतो. "एकच तर घेतली" हे यंत्राला कळत नाही. आमच्या रामबाग-लोकमान्यनगरकडून विजयनगर म्हणजे तसंही परगावच, जाता-येता रिक्षा किंवा कॅब धरूनच चला.

पब कसा निवडायचा

पाटीवर "ब्रू" असलं म्हणजे आत बिअर बनतेच असं नाही. तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत. पहिला, जिथे स्वतःच्या टाक्या आहेत आणि बिअर तिथेच तयार होते. दुसरा, जिथे नळातून बिअर येते पण ती मोठ्या कारखान्याच्या पिंपातली असते. तिसरा, जिथे फ्रिजमध्ये रंगीत लेबलांच्या बाटल्या असतात आणि मेन्यूत त्यांनाच क्राफ्ट, म्हणजे थोडीथोडी, निगुतीने बनवलेली, म्हटलेलं असतं. बाटलीत काही वाईट नाही, फक्त तारीख बघा. शेल्फवर सहा महिने चालते असं लिहिलेलं असलं तरी मला पहिल्या दोन-तीन महिन्यांतली आवडते. गव्हाची बिअर तर नक्कीच. त्यानंतर तिच्यातला फळांचा वास निघून जातो आणि उरतो ओला पुठ्ठा.

आपल्याकडे हे सगळं नवं आहे. पुण्यात डूलालीने 2009 साली सुरुवात केली तेव्हा देशात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मध्य प्रदेशच्या 2022 च्या धोरणात भोपाळ-इंदूरसाठी छोट्या ब्रूअरींची तरतूद आली, तीही वीज, पर्यावरण आणि नगर निगमची ना-हरकत मिळाल्यावर. त्यामुळे नावं बदलतात, मालक बदलतात, ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारे, तर फारच बदलतात. मागच्या वर्षी छान असलेली जागा यंदा छान असेलच असं नाही. म्हणून मी इथे पबांची यादी देत नाही. विजयनगर, एबी रोड, स्कीम 54, बायपास या पट्ट्यात फिरा आणि स्वतः तपासा.

तपासायचं कसं? काचेमागच्या स्टीलच्या टाक्यांजवळ जा. प्रत्येक टाकीवर तापमानाचा छोटा आकडा असतो. तो पेटलेला आहे का? एल प्रकारची बिअर आंबत असेल तर 18 ते 22 अंश दिसेल, लागर असेल तर 8 ते 12. सगळे आकडे विझलेले आणि टाक्यांवर धूळ असेल तर ती शोभेची भांडी समजा. मग वेटरला हिंदीत साधा प्रश्न: "भैया, अभी टैंक में क्या बन रहा है?" चांगल्या जागी तो एक तर उत्तर देतो, नाही तर ब्रूअरला हाक मारतो. वाईट जागी तो मेन्यू पुढे करतो.

दिवसाचंही महत्त्व आहे. मंगळवार-बुधवारी सात वाजता जा. डीजे नसतो, ब्रूअर मोकळा असतो, किचनला घाई नसते. शनिवारी रात्री गेलात तर शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, बिअरबद्दल कोण काय सांगणार? लेडीज नाइटला फुकट मिळतात ती बहुधा गोड कॉकटेलं. मी त्या दिवशी घरीच बसते.

आधी चाखा, मग मागवा

चार शब्दांची ओळख पुरे. बिअर बनते सातूच्या, म्हणजे जवाच्या माल्टपासून. नाचणीचं सत्त्व करताना आपण धान्याला मोड आणून वाळवतो ना, माल्ट तसाच: मोड आणायचे आणि भट्टीत सुकवायचं. त्याचा गोड काढा उकळायचा, त्यात हॉप्स नावाची कडू सुवासिक फुलं घालायची, गार करून यीस्ट सोडायचं. चौथं पाणी. इंदूरचं पाणी नर्मदेचं, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेलं. माझ्या सासूबाईंना एकदा हे सांगितलं तर त्यांनी कानावर हात ठेवले: "नर्मदामैयाचं पाणी, आणि त्याचं हे!"

मेन्यूत साधारण चार-पाच नावं सापडतील. हेफेवायझन: गव्हाची, गढूळ, केळं आणि लवंगेच्या वासाची. तो वास वरून घातलेला नसतो, यीस्टच तो बनवतं. विट: हीदेखील गव्हाची, पण बेल्जियन पद्धतीची, संत्र्याची साल आणि धणे घालून. धणे वाचून भाची हसली होती, पण चव लागल्यावर दुसरा ग्लास तिनेच मागवला. लागर किंवा पिल्सनर: हलकी, स्वच्छ, पिवळी. आयपीए: हॉप्सची, कडू. स्टाउट: भाजलेल्या जवाची, काळी, कॉफीसारखी.

थेट मोठा ग्लास कधी मागवू नका. बहुतेक ब्रूअरींत सॅम्पलर मिळतो, लाकडी पाटीवर चार-सहा छोटे ग्लास. तो नसेल तर दोन घोट चाखायला मागा. सराफ्यात जिलबीचा तुकडा मागताना लाजतो का आपण? हलकीकडून गडदकडे जा, मधे साधं पाणी आणि साधा पापड. स्टाउट आधी प्यालात तर लागर पाण्यासारखी लागेल.

नव्या जागेची परीक्षा मी लागरने घेते. कडक आयपीएत हॉप्स चुका झाकतात, स्टाउटमध्ये भाजल्याचा वास झाकतो, लागरमध्ये लपायला जागाच नाही. शिवाय ती थंडीत आठवडेच्या आठवडे निजवावी लागते, तेवढा काळ टाकी अडकून पडते. जो पब धीर धरून चांगली लागर देतो, त्याचं बाकीचंही सहसा बरं असतं.

टॉवर, म्हणजे खाली नळ असलेलं बिअरचं उंच नळकांडं, मागवू नका. हा माझा अनुभव आहे. ऑफिसातल्या एकाच्या निरोपाला आठ जणांत तीन लिटरचा टॉवर घेतला, एबी रोडवरच्या एका गजबजलेल्या जागी. दिसायला रुबाबदार. वीस मिनिटांत त्यातला गॅस गेला, तळाशी कोमट सरबत उरलं, आणि निरोप ज्याचा होता त्याने सभ्यपणाने ते संपवलं.

ग्लासाकडे बघा

ग्लास आला की लगेच ओठाला लावू नका. वर दोन बोटं फेस हवा आणि तो पटकन विरायला नको. बाजूच्या काचेला आतून बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास तेलकट आहे किंवा साबण राहिला आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात, आणि बिअर उतरत जाते तशी फेसाची जाळी काचेवर राहते. मी सांगते, "भैया, दूसरा गिलास, सादे पानी से खंगाल के." कुणी रागावलेलं आठवत नाही.

बर्फ धरलेला मग देणं म्हणजे कौतुक, असं वेटरला वाटतं. इतक्या थंडीत जीभ बधिर होते. साधा ग्लास मागा. स्टाउट तर पाच मिनिटं टेबलावर राहू द्या, मग तिच्यातली कॉफी-चॉकलेट वर येते.

नाक लावा

आता भाचीच्या भुट्ट्याकडे. माल्टमध्ये एक पदार्थ असतो, त्यातून काढा उकळताना गंधकाचा एक वाफाळणारा वास तयार होतो. भांड्याचं तोंड उघडं ठेवून रटरटून उकळलं तर तो वाफेबरोबर निघून जातो. झाकण ठेवलं, उकळी मंद ठेवली किंवा काढा गार करायला फार वेळ लावला, की तो बिअरमध्येच राहतो. मग उकडलेल्या कणसाचा, कधी कोबीचा वास येतो. फिक्या लागरमध्ये अगदी पुसट असेल तर खपतं. गव्हाच्या बिअरमध्ये भुट्टा नाकात भरला तर ग्लास परत द्या.

लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर तुपकट सर, हा दुसरा दोष. आंबताना यीस्ट हा वास स्वतःच तयार करतं आणि शेवटी दोन-तीन दिवस थोड्या उबेत ठेवलं तर स्वतःच गिळूनही टाकतं. शनिवारच्या गर्दीसाठी घाई केली की तो उरतो. नळाच्या नळ्या घाण असतील तरीही येतो. त्या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायच्या असतात. शेवटच्या कधी धुतल्या, असं एकदा विचारून बघा. उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचा चेहरा जास्त सांगतो.

हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची. ओला पुठ्ठा म्हणजे हवा लागलेली, जुनी. व्हिनेगर म्हणजे नको तो जंतू शिरला, अर्थात मेन्यूत मुद्दाम "सावर" लिहिलेलं नसेल तर. आणि केळं-लवंग हा हेफेवायझनचा दोष नाही, तिची ओळख आहे. केळ्याचा वास आला म्हणून भांडणारे एक काका मी पाहिलेत. सानंद संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात भेटणारे आपलेच काका, त्यामुळे मी मेन्यूकार्डामागे लपले.

परत देताना आवाज चढवायचा नाही. "इसमें भुट्टे की गंध आ रही है, एक बार आप चख के देखो." भल्या जागी ते चाखतात आणि बदलून देतात. बदलून देत नसतील तर बिल मागा, भांडण नको.

सोबत काय खायचं

इथे इंदूरकराचं खरं काम सुरू होतं, आणि इथेच पब आपल्याला बनवतात. मेन्यू आठ पानांचा असतो: मेक्सिकन, लेबनीज, इटालियन, चायनीज. तीन पानं पनीरच वेगवेगळ्या नावांनी. एवढ्या पदार्थांना लागणारं सामान रोज ताजं कुठून येणार? छोटा मेन्यू असलेली जागा मला जास्त विश्वासाची वाटते. मोठ्याच मेन्यूत अडकलात तर शेजारच्या टेबलांवर नजर फिरवा. जे तीन टेबलांवर दिसतंय तेच मागवा, ते तव्यावरून थेट येतं.

जोड्या लावताना एक गोष्ट आधी: कडूपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात. आयपीएबरोबर मसाला शेंगदाणे मागवले आणि वर जीरावण भुरभुरला, तर ओठ पेटतात आणि मग बिअर पाण्यासारखी ढोसली जाते. पबला त्यात नुकसान काहीच नाही. तिखटाला गव्हाची बिअर घ्या. तिचा गोडसर मऊपणा आग शमवतो. हेफेवायझन आणि आपली लौंग सेव ही माझी सर्वांत लाडकी जोडी. बिअरमधली लवंग आणि शेवेतली लवंग जिभेवर एकमेकींना ओळखतात. पबमध्ये लौंग सेव मिळेलच असं नाही, पण चखणा काय आहे ते विचारा. इंदूरात शेव नसेल तर आश्चर्य.

तळलेल्याला लागर. तिचा गॅस जिभेवरचं तेल पुसून काढतो, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. हिवाळ्यात एखाद्या किचनने गराडू ठेवला असेल तर दुसरं काही मागवूच नका: कोनफळाच्या जातीतला तो कंद, दोनदा तळलेला, वर मसाला आणि लिंबू, बाजूला थंड लागर. हिरव्या चटणीतल्या पनीर टिक्क्याला विट, कारण दोन्हींत धणे-कोथिंबिरीचं नातं आहे. स्टाउटला गोड. चॉकलेट केक सगळेच देतात, पण मावाबाटी किंवा गरम गुलाबजाम असेल तर तो खाऊन बघा. भाजल्याचा कडवटपणा पाक तोडतो.

सामिष खाणाऱ्यांसाठी एक सूचना. इंदूरचे पब मुख्यतः शाकाहारी गिऱ्हाइकावर चालतात, त्यामुळे कबाबाची उलाढाल सगळीकडे सारखी नसते. वेटरला "सबसे ज़्यादा क्या जाता है" विचारा. उत्तर मशरूम किंवा सोया चाप आलं तर तिथे मासा मागवू नका. कबाब-बिर्याणीची हौस सदर बाजार, बॉम्बे बाजाराकडे वेगळी भागवा, बिअरशिवाय.

"भुट्टे का कीस टार्टलेट" असलं काही दिसलं तर मोह आवरा. थोड्या वेळाने खरा मिळणार आहे.

बिल

दोन मिनिटं बघा. खाण्यावर जीएसटी, दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. नको असेल तर काढायला सांगा आणि ज्याने ग्लास बदलून दिला त्याच्या हातात टिप ठेवा.

मग सराफा

पबची लास्ट ऑर्डर झाली की इंदूरची रात्र अर्धीच झालेली असते. सोन्या-चांदीची दुकानं बंद होतात आणि त्यांच्या ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात, मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. रिक्षा राजवाड्यापाशी सोडा, पुढे चालत जा. दहीबड्याचा द्रोण हवेत उडवणारे बघायला थांबा, पण पोटात बिअर असताना शिकंजी घेऊ नका. इथली शिकंजी लिंबाची नसते, दुधाची दाट, सुक्यामेव्याची असते. खोपरा पॅटिस चालेल. सगळ्यात चांगला भुट्ट्याचा कीस.

त्या भुट्ट्याच्या वासाच्या बिअरनंतर पंधरा दिवसांनी भाचीला मी बुधवारी नेलं, दुसऱ्या जागी. एक सॅम्पलर, एक हेफेवायझन, तळलेले मशरूम, अकराच्या आत बाहेर. सराफ्यात किसाचा द्रोण हातात आल्यावर तिने आधी नाकाशी नेला. "आत्या, हा वास इथे बरोबर आहे." ठेलेवाल्याला काही कळलं नाही. तुम्ही घ्याल तेव्हा परातीच्या कडेचा मागा, तिथे तो जरा खरपूस झालेला असतो, आणि लिंबू वरून अजून पिळून घ्या.